दाणेदार उजेड

तुळशीराम घरताची जीभ म्हणजे पनवेलच्या खाडीकाठचं शेवटचं कोर्ट. मिठाचा खडा तिच्यावर ठेवायचा अवकाश, गडी डोळे मिटून सांगायचा की हे जासईचं की आपल्याकडचं, पौषातलं की वैशाखातलं, वाफ्यातलं पाणी वेळेवर बदललं होतं की कुणी आळस केला होता. त्यावर अपील नाही. बाहेरगावचे व्यापारीसुद्धा आधी तुळशीरामच्या तोंडाकडे बघत आणि मगच पोती उचलत. अशा माणसाच्या पोटी भामा जन्मली, आणि तिनं बापाला सांगितलं की मला मुंबईच्या कॉलेजात जाऊन सायन्स शिकायचं आहे. आता बोला.

साल एकोणसाठ, महिना मे. भामाची एस.एस.सी.ची परीक्षा मार्चमध्येच आटपली होती. निकाल जूनमध्ये लागणार होता, पण तोवर थांबायला घरात कुणाला सवड नव्हती. कोन गावातल्या एका घरातून तिला मागणी आली होती. माणसं भली, मुलगा निर्व्यसनी, घरची भातशेती. नाव ठेवायला जागा नाही, हीच तर पंचाईत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती मंडळी सुपारी फोडायला येणार होती, आणि एकदा सुपारी फुटली की कॉलेज संपलं, हे भामाला पुरतं ठाऊक होतं.

तिची बाजू घेऊन आली ती तिची सायन्सची शिक्षिका, मिरियम आवासकर. सगळं पनवेल तिला मिरियमबाई म्हणे. चाळिशीची, उंच, चष्मा सदा नाकाच्या शेंड्यावर. जात बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, घराणं मूळचं तेल्याचं. तिच्या आजोबांचा घाणा दर शनिवारी बंद असायचा, आणि पनवेलातल्या बायका तेल शुक्रवारीच भरून ठेवायच्या. बाई ओटीवर बसली आणि तिनं सरळच विषय काढला.

"तुळशीरामभाऊ, भामाला पुढं शिकू द्या. भायखळ्याला माझी बहीण राहते, तिच्याकडे राहील. अशी डोक्याची मुलगी मला पंधरा वर्षांत मिळाली नाही."

"बाई, तुमी शिकवलंत ते उपकार हायेत," तुळशीराम म्हणाला. "पण सायन्स शिकून ही करील काय? आमी मिठातली माणसं. आणि मिठातलं सगळं मना ठाव हाय. तुमच्या सायन्सला मिठातलं असं काय ठाव हाय, जे मना नाय? एक तरी दाखवा. दाखवलंत तर कोनवाल्यांना मी स्वता जाऊन नाय सांगून येतो."

शेजारचा बुधाजी पानाला चुना लावत बसला होता. तो खुदकन हसला. तुळशीरामला मिठातलं नवीन दाखवायचं म्हणजे माशाला पोहणं शिकवायचं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

बाई उत्तर द्यायच्या आत दारातून भामा म्हणाली, "मी दाखवते."

तिला स्वतःलाच आपला आवाज ओळखू आला नाही. आत चुलीपाशी तिची आई कमळाबाई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

मग अटी ठरल्या. बाईंनी सात पदार्थांची नावं दिली: मीठ, मोरचूद, बोरिक पावडर, खायचा चुना, असे घरीदारी मिळणारे. त्यातले हवे ते घेऊन तुळशीरामनं स्वतः पाच वाट्यांत पाणी करायचं, कुणाला न सांगता. वाटलं तर एखाद्या वाटीत काहीच घालायचं नाही. प्रत्येक वाटीत एक काडी बुडवून ती त्यानंच ज्योतीत धरायची. भामानं वाट्यांकडे बघायचं नाही, वास घ्यायचा नाही, चाखायचं नाही. नुसता ज्योतीचा उजेड बघून सांगायचं की वाटीत काय आहे. पाचापैकी पाच.

"शनिवारी दुपारी," तुळशीराम म्हणाला. "बाई, शनिवारी तुमी विस्तवाला हात लावत नाय, ते मना ठाव हाय. म्हणूनच शनिवार. पोरीनं एकटीनं करायला पायजे."

बाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघून म्हणाली, "हुशार आहात."

हातात तीन आठवडे होते. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्या कपाटात कामाच्या वस्तू दोनच, एक काचेचा लोलक आणि एक स्पिरिटचा दिवा. बुटांचा रिकामा खोका बाईंनी घरून आणला. भामानं त्याला आतून काजळी फासली. एका बाजूला चीर पाडून तिच्यावर दाढीची दोन पाती समोरासमोर चिकटवली, मध्ये केसाएवढी फट ठेवून. आत लोलक बसवला. दुसऱ्या बाजूला डोळा लावायला भोक. एवढंच यंत्र. बघणाऱ्याला वाटावं, पोरींचा भातुकलीचा खेळ.

पहिल्या दिवशी बाईंनी फटीसमोर मेणबत्ती धरली. भोकातून तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग एकात एक मिसळलेले, सलग पट्टा. भामानं तो पुस्तकात पाहिला होता, त्यामुळे तिला फारसं काही वाटलं नाही. मग बाईंनी मेणबत्ती विझवली, स्पिरिटचा दिवा लावला आणि मिठाच्या पाण्यात भिजलेली बांबूची काडी ज्योतीत धरली.

पट्टा गेला. काळ्याकुट्ट अंधारात एकच पिवळी रेघ उभी राहिली. बारीक, धारदार, आणि जागची न हलणारी.

"बाई, बाकीचे रंग कुठे गेले?"

"गेले नाहीत. ते नव्हतेच. मिठात सोडियम असतं, आणि तापलेल्या सोडियमला हाच रंग देता येतो."

"का?"

हा प्रश्न ऐकायला बाई जणू पंधरा वर्षं थांबली होती. तिनं पदर खोचला आणि बाकावरच बसली.

"माझ्या आजोबांचा घाणा होता. तेलाची धार मी जन्मापासून बघितलीय. कुठंच तुटत नाही ती. माणसं हजारो वर्षं समजत आली की उजेडही तसाच येतो, धार लागल्यासारखा. साठेक वर्षांपूर्वी कळलं की तसं नाहीय. मला सांग, तुमच्या मिठाची रास लांबून कशी दिसते?"

"पांढरी टेकडी. एकसलग."

"आणि जवळ गेलीस की?"

"दाणे."

"उजेड तसा आहे, भामा. दाणेदार. अर्धा दाणा कुणी देत नाही, कुणी घेत नाही. तांबड्या उजेडाचा दाणा कमी जोराचा, जांभळ्याचा जास्त जोराचा. आपल्याला सलग दिसतो, कारण आपण त्याला फार लांबून बघतो."

भामाच्या अंगावर सर्रकन काटा आला. रोज सकाळी अंगणात पडणारं ऊन तिला आठवलं, आणि ते सगळं दाण्यादाण्यानं सांडतंय असं वाटून तिला हसूच फुटलं.

बाई थांबायला तयार नव्हती. अणूच्या आत इलेक्ट्रॉन असतात, ती म्हणाली, आणि त्यांना बसायला पायऱ्या असतात. पहिलीवर बसतील, दुसरीवर बसतील. दीड पायरीवर कधीच नाही. ज्योतीची ऊब लागली की इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातो, आणि खाली येताना उजेडाचा एक दाणा टाकतो. उडी केवढी, त्यावर दाण्याचा रंग ठरतो. सोडियमच्या पायऱ्या निराळ्या, तांब्याच्या निराळ्या, म्हणून प्रत्येकाच्या रेघाही निराळ्या. दुसऱ्याच्या रेघा कुणाला चोरता येत नाहीत.

"पण बाई, वरून खाली येताना तो मध्ये कुठेतरी असणारच ना?"

"तिथंच सगळ्यांची बुद्धी अडते. आधी या पायरीवर असतो, मग त्या पायरीवर असतो. मधला रस्ता नाही. मला विचारू नकोस, मी रात्र रात्र विचार केलाय."

असं ते सुरू झालं. दुपारी शाळेत खिडक्यांना पोती लावून भामा रेघा पाठ करी, आणि बाई रोज नवीन काहीतरी सांगून तिची झोप उडवी. एके दिवशी तिनं विचारलं की खाडीकाठच्या खाजणाच्या बांधाला भरतीच्या पाण्याची दोन दारं जवळजवळ असली तर काय होतं. दोन्हीकडून लाटा येतात, एकमेकींत मिसळतात, कुठं पाणी दुप्पट उसळतं आणि कुठं अगदी निपचित राहतं, हे भामानं शंभरदा पाहिलेलं. मग बाई म्हणाली, उजेडालाही दोन फटी ठेवल्या की तसंच होतं. आणि गंमत अशी की उजेडाचा एकेक दाणा सुटा सोडला, आधीचा पोचल्यावरच पुढचा, तरी हजारो दाणे पडून झाल्यावर तेच लाटांचे पट्टे उमटतात. दाणा पडतो दाण्यासारखा, पण कुठं पडायचं ते लाटेसारखं ठरतं. भामानं त्यावर दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी हात टेकले. बाईंनी तिला शाबासकी दिली. हात टेकायला लागणं हीच समजल्याची पहिली खूण, असं ती म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात भामा धावतच घरी आली. तुळशीराम जेवायला बसला होता.

"बाबा, सूर्यात मीठ हाय."

"कोण चाटून आला?"

"चाटायला नाय लागत. मिठाची जी रेघ, तिची खूण सूर्याच्या उजेडात हाय. मिठातलं सोडियम तिथंपण हाय."

तुळशीरामनं घास गिळला. सूर्यात मीठ ही गोष्ट त्याला कुठंतरी आवडली होती, पण तसं दाखवेल तर तो तुळशीराम कसला. त्यानं विचारलं, "मग कोणता कण कवा उजेड टाकील, ते सांगतं का तुझं सायन्स?"

 नेमकं हेच भामानं बाईंना विचारलं होतं. "नाय," ती म्हणाली. "एकेका अणूचं कुणालाच सांगता येत नाय. आपल्याला कमी कळतं म्हणून नाय, ते आधी ठरलेलंच नसतं. पण लाखो अणूंचं मिळून बिनचूक सांगता येतं."

"एकाचं येत नाय आणि लाखाचं येतं म्हणे," तुळशीराम म्हणाला आणि भाताकडे वळला. बुधाजीला ही गोष्ट त्यानं दुसऱ्या दिवशी रंगवून सांगितली आणि दोघं पोट धरून हसले.

शुक्रवारी ऊन उतरायच्या आत बाई सगळं सामान घेऊन घरतांच्या घरी आली. माजघरात पाट मांडून त्यावर दिवा आणि खोका बसवला. भिंतीतली भोकं चिंध्यांनी बुजवली. नवा कापूस आणि एक बाटली कोरं पाणी, म्हणजे वाफ धरून थंड केलेलं, काहीच न विरघळलेलं पाणी, तिनं फळीवर ठेवलं. मग दाराबाहेर बघून घाईनं निघाली. सूर्य बुडाला की तिचा शब्बाथ, शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुरू होणार होता.

"उद्या मी येईन, पण माझा हात लागणार नाही," ती भामाला म्हणाली. "तू काय बघशील ते सांगायचं. मला काय आवडेल ते सांगायचं नाही. कळलं?"

त्या रात्री भामाला मेली झोप कुठली यायला.

शनिवारी दुपारी माजघर भरलं. तुळशीराम पाच झाकलेल्या वाट्या घेऊन दिव्याच्या बाजूला, बुधाजी साक्षीला, बाई भिंतीशी हात मांडीत गुंतवून बसलेली. कमळाबाई स्वयंपाकघराच्या दारात. दार लावलं, अंधार झाला. भामानं दिवा लावून खोक्याच्या भोकाला डोळा लावला.

पिवळी रेघ.

तिला वाटलं, बाबांनी पहिलीच काडी मिठाची धरली. ती बोलणार तोच तुळशीराम म्हणाला, "लावू का पहिली काडी?"

 काडी अजून ज्योतीत गेलीच नव्हती. रिकाम्या ज्योतीत पिवळी रेघ, आणि तीही एवढी झगझगीत की बाकीच्या कुठल्या रेघा तिच्यापुढं धड दिसणार नाहीत. तिनं डोळा चोळून परत पाहिलं. रेघ होतीच.

"थांबा," ती म्हणाली. "ज्योतीत मीठ हाय."

 बुधाजीनं घसा खाकरला. "म्हणजे डबा बिघडला. काडी नाय, काय नाय, आणि म्हणे मीठ. याला सगळं मीठच दिसणार."

तुळशीरामचा आवाज मात्र बदलला होता. "दिवा कालपासून माझ्या घरात हाय. त्यात मीठ हाय म्हणजे कुणी घातलं? मी घातलं?"

"मी तसं नाय बोलले, बाबा."

"तसंच होतं त्याचं. घरात दुसरं कोण येतंय? तुळशीराम घरतानं पोरीला हरवायला दिव्यात मीठ टाकलं, असं उद्या गाव बोलेल."

भामाला घाम फुटला. "डबा बिघडला असेल" एवढं म्हटलं असतं तर बापाचा राग शांत झाला असता, पण मग उद्या सुपारी फुटली असती. तिनं बाईंकडे पाहिलं. अंधारात बाईंचा नुसता चष्मा चमकत होता आणि ती काही म्हणजे काही बोलत नव्हती. तू काय बघशील ते सांगायचं.

"कुणी घातलं ते मना ठाव नाय," भामा म्हणाली. "पण वातीत मीठ हाय. डबा खोटं नाय बोलत."

"बघतोच," तुळशीराम म्हणाला. त्यानं फुंकर मारून दिवा विझवला, दार उघडलं, वात निवू दिली, तिचं टोक चिमटीत धरलं आणि जिभेला लावलं. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं डोळे मिटले, व्यापाऱ्यांसमोर मिटायचा तसेच. मग दाराबाहेर थुंकला.

"स्पिरिट. जळका कापूस. मीठ नाय."

झालं. अपील नाही. भामा जन्मल्यापासून ती जीभ चुकल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. बुधाजी उठून धोतर झटकायला लागला. भामाचे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला, कारण रडण्यासारखं काही नव्हतं. रेघ तिथं होती. तिनं ती पाहिली होती.

"बाबा, तुमची जीभ चुकली," ती म्हणाली.

असं वाक्य त्या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. तुळशीराम काही बोलायच्या आत स्वयंपाकघराच्या दारात बांगड्या वाजल्या.

"तिला बोलू नका," कमळाबाई म्हणाली. "मीच ती."

"तू काय?"

"सकाळी तुमी बाहेर होता. पोर विहिरीवर गेली होती." ती पदराशी चाळा करत होती. "एवढी तीन आठवडे राबली. सगळ्या गावाची नजर त्या डब्यावर. म्हणून मी डब्याची दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. दिव्यात नाय टाकल्या, देवाशपथ. पण वात खाली गेलेली दिसली, ती तेवढी चिमटीनं वर ओढली. त्याच हातानं."

 भामा वाकून पाटाकडे बघायला लागली, आणि दिव्याच्या बुडाशी तिला मोहरीचा एक काळा दाणा सापडला. तिनं तो उचलून बापाच्या तळहातावर ठेवला.

"बोटांना लागलेलं मीठ," तुळशीराम हळूच म्हणाला. "झटकल्यावर उरलेलं." तो बायकोच्या हाताकडे बघत होता, मग वातीकडे, मग खोक्याकडे. "एवढंसं? एवढंसं दिसलं तुना?"

"झगझगीत दिसलं."

भिंतीपाशी बाईंनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला.

"पोरीचं वाटोळं केलं मी," कमळाबाई म्हणाली. तिला झाल्या गोष्टीचा अर्थ अजून कळला नव्हता. भामानं जाऊन तिचे दोन्ही हात धरले. आईनं दृष्ट काढली नसती तर पाच काड्या ओळखून ती फार तर पास झाली असती. आता बापाच्या जिभेला जे लागलं नाही ते तिनं त्याच्यासमोर ओळखलं होतं. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

बुधाजी म्हणाला, "मग झालं ना? जिंकली पोर."

"नाय," तुळशीराम म्हणाला. "पाच ठरल्या होत्या, पाच होतील. बुधाजी, बस खाली."

भामानं हात कोऱ्या पाण्यानं धुतले, नव्या कापसाची वात करून तीही धुतली आणि स्पिरिटमध्ये भिजवून दिव्यात बसवली. दार लावून दिवा परत पेटवला, तेव्हा रेघ जवळजवळ नाहीशी झाली होती, नखाच्या ओरखड्याएवढी उरली. मग काड्या लागल्या. पहिली चुना, तांबूस-नारिंगी पट्टे, तिनं लगेच सांगितली. दुसरी आणि तिसरी साध्या डोळ्याला दोन्ही हिरव्याच, आणि तुळशीरामनं त्या मुद्दाम पाठोपाठ ठेवल्या होत्या. पण खोक्यातून एकीत हिरव्याचे पट्टे ओळीनं उभे होते आणि दुसरीत हिरव्याबरोबर निळाही होता. "आधीची बोरिक, नंतरची मोरचूद." चौथी मीठ, तिला तर डोळा धड लावायचीही गरज नव्हती. पाचव्या काडीला ती बराच वेळ बघत राहिली.

"हिच्यात तुमी काय घातलं नाय," ती म्हणाली. "पण कोरं पाणीपण नाय हे. किंचित मीठ हाय. आपल्या विहिरीचं पाणी हाय ना?"

तुळशीरामनं पाचवं झाकण उचललं. वाटीत नुसतं पाणी. "विहिरीचंच," तो म्हणाला. "आणि जन्मभर मी त्याला गोडं पाणी बोलतो."

बुधाजीनं ते पाणी बोटानं चाखलं, पण त्यालाही काही लागलं नाही.

मग तुळशीराम उठून भामाच्या जागी आला. "मना दाखव." त्यानं भोकाला डोळा लावला. भामानं मिठाची काडी ज्योतीत धरली. तो इतका वेळ वाकून राहिला की कमळाबाईला वाटलं, याची कंबर धरली. शेवटी तो डोळा न काढताच बोलला.

"आडत्तीस वर्षं चाखतोय. दिसलं आज."

आणि जरा वेळानं: "भामे, ते तू बोलली होतीस ना, एकाचं सांगता येत नाय, लाखाचं येतं. मी हसलो होतो. पण वाफ्यात पाणी सोडलं की पहिला दाणा कुठं धरील, ते कोण सांगतंय? मी नाय सांगू शकत. आणि वाफा कवा पांढरा होईल, ते मी दिवस मोजून सांगतो."

बाई भिंतीपासून पुढं सरकली. "तुळशीरामभाऊ, अगदी तंतोतंत तसं नाही. पण शाळेत एवढंसुद्धा कुणाला समजत नाही."

तुळशीराम ओशाळं हसला. त्याला अजून काहीतरी हवं होतं, आणि ते मागायचं कसं ते कळत नव्हतं. शेवटी त्यानं एक कोरडी काडी घेतली, भामाला खोक्याशी परत बसवलं आणि पाठ फिरवून ती काडी आपल्या कपाळावर, मानेवर नीट फिरवली. खाजणातल्या उन्हात रापलेलं कपाळ, त्यात बंद माजघर. घामाला काय तोटा.

"ही सहावी," तो म्हणाला. "सांग काय हाय."

काडी ज्योतीत गेली. अंधारात पिवळी रेघ उभी राहिली, बारीक आणि स्थिर. भामाला वाट्या दिसत नव्हत्या, बाप दिसत नव्हता, ती एक रेघ तेवढी दिसत होती, आणि तीही लगेच डोळ्यांतल्या पाण्यात विरघळायला लागली.

"बाबा," ती म्हणाली, "ही तुमी."

तुळशीरामनं काडी विझवली. मग माजघराचं दार सताड उघडून त्यानं बायकोला हाक मारली, "कमळे, माझं धुतलेलं धोतर काढ. ऊन कललं की कोनला जाऊन येतो. ती माणसं उद्या निघायच्या आत सांगायला पायजे."